रुग्णसेवक महात्मा गांधी : ३० जानेवारी, कुष्ठरोग निवारण दिनानिमित्त पाठलेख



३० जानेवारीला आपल्या सगळ्या शाळांत सकाळी अकरा वाजता दोन मिनिटे मौन पाळले जाते. गांधीजींच्या फोटोला हार घातला जातो, दोन-चार मुले भाषणे करतात. भाषणांत पोरबंदर येते, मिठाचा सत्याग्रह येतो, चरखा येतो, चले जाव येते. ते यायलाच हवे. पण हाच दिवस आपल्या देशात कुष्ठरोग निवारण दिन म्हणूनही पाळला जातो. त्या दिवशी ग्रामसभेत कुष्ठरोगाची शपथ वाचली जाते, आशाताई घरोघर माहिती देतात. हे दोन दिवस एकाच तारखेला का आले, असे एखाद्या मुलाने विचारले तर आपण काय सांगणार? त्याच उत्तरासाठी हा पाठलेख. इयत्ता चौथी ते सातवीच्या मुलांना सांगता येईल अशा बेताने लिहिला आहे. आजाराची माहिती मात्र आपल्या मोठ्यांसाठीही आहे.

बालपण : वडिलांच्या उशाशी

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी गुजरातमधल्या पोरबंदरला झाला. वडील संस्थानात दिवाण होते. लहानग्या मोहनच्या हाती श्रावणबाळाच्या पितृभक्तीचे एक नाटक पडले आणि त्याने ते पुन्हा पुन्हा वाचले. आंधळ्या आईवडिलांना कावडीत घेऊन निघालेल्या श्रावणाचे चित्र फिरत्या खेळवाल्याने दाखवले, तेही त्याच्या मनात ठसले. आपणही असेच व्हावे असे त्याला वाटे.

घरात शिवाशीव पाळली जाई. संडास साफ करायला उका नावाचा माणूस येत असे. त्याला चुकून शिवले तर अंघोळ करावी लागे. मोहन आईचे ऐकायचा, पण माणसाला शिवल्याने पाप कसे लागते हे त्याला पटत नसे. आईशी तो याबद्दल वादही घालायचा.

पुढे वडिलांना भगंदराचा त्रास सुरू झाला आणि ते अंथरुणाला खिळले. जखमेची पट्टी बदलणे, औषध तयार करून देणे, रात्री पाय चेपणे ही कामे मोहनच्या वाट्याला आली. शाळेतून आला की तो थेट वडिलांजवळ जाई. याच काळात लाधा महाराज नावाचे एक भक्त वडिलांना रोज संध्याकाळी रामायण वाचून दाखवत. त्यांना पूर्वी कुष्ठरोग होता आणि तो बरा झाला असे लोक सांगत. म्हणजे हा शब्द गांधीजींच्या कानावर अगदी कोवळ्या वयात पडला होता आणि तोही किळसेने नाही, आदराने.

१८८५ मध्ये वडील गेले. त्या रात्री मोहन पाय चेपत बसला होता. काकांनी त्याला झोपायला पाठवले, तो आपल्या खोलीत गेला आणि थोड्याच वेळात वडिलांनी प्राण सोडला. शेवटच्या क्षणी आपण जवळ नव्हतो ही रुखरुख त्यांना जन्मभर लागून राहिली. आजारी माणसाजवळ बसून राहण्याची त्यांची जी ओढ पुढे आयुष्यभर दिसते, तिचा एक धागा इथे असावा.

दारात आलेला पहिला रुग्ण

बॅरिस्टर होऊन गांधीजी १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले. वकिली चांगली चालू लागली, डर्बनला घर झाले. १८९७ च्या सुमाराची गोष्ट. एक दिवस कुष्ठरोग झालेला एक माणूस त्यांच्या दारात आला. जेवण देऊन त्याला वाटेला लावणे त्यांच्या जिवावर आले. त्यांनी त्याला घरात ठेवून घेतले, जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या.

पण हे किती दिवस चालणार? कायमचे घरात ठेवण्याची ना तयारी होती ना धैर्य. काही दिवसांनी त्यांनी त्याला गिरमिटिया मजुरांच्या सरकारी इस्पितळात पाठवले. गांधीजींनी हे स्वतःच्या आत्मकथेत प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. मुलांना सांगताना हा भाग गाळू नका. थोर माणसेही एका उडीत थोर होत नाहीत, त्यांनाही वेळ लागतो, हे मुलांना कळू द्या.

तो माणूस गेला, पण मनातली बेचैनी गेली नाही. आपल्याला रोज करता येईल असे काही सेवेचे काम हवे असे त्यांना वाटू लागले. डर्बनमध्ये डॉ. बूथ नावाचे मिशनरी डॉक्टर होते. पारशी रुस्तमजी यांच्या देणगीतून एक छोटा धर्मादाय दवाखाना सुरू झाला आणि गांधीजी तिथे रोज सकाळी तास-दोन तास कंपाउंडरचे काम करू लागले. रुग्णांची तक्रार ऐकायची, डॉक्टरांना सांगायची, औषध तयार करून द्यायचे. रुग्ण बहुतेक सगळे गिरमिटिया मजूर. चांगली वकिली चालणारा बॅरिस्टर सकाळी औषधाच्या बाटल्या भरत होता बघा!

युद्ध आणि प्लेग

दवाखान्यातला हा सराव लवकरच कामाला आला. १८९९ मध्ये बोअर युद्ध पेटले. गांधीजींनी सुमारे ११०० भारतीयांचे जखमींची ने-आण करणारे पथक उभे केले. जखमी सैनिकांना डोलीत घालून कधी कधी वीस-पंचवीस मैल चालत न्यावे लागे.

१९०४ मध्ये जोहान्सबर्गच्या भारतीय वस्तीत फुप्फुसाचा प्लेग आला. पहिल्या झपाट्यात २३ जण आजारी पडले. एका रिकाम्या घराचे कुलूप तोडून तिथे रुग्णांना ठेवले गेले. डॉ. गॉडफ्रे, गांधीजी आणि काही तरुण कारकून यांनी रात्र रात्र जागून शुश्रूषा केली. त्यातले बहुतेक रुग्ण वाचले नाहीत. नगरपालिकेने पाठवलेली परिचारिकाही त्या साथीत दगावली.

१९०६ मध्ये झुलू लोकांवर इंग्रजांनी शस्त्र उगारले. फटक्यांच्या माराने सोलून निघालेल्या झुलूंच्या जखमांना हात लावायला गोरे लोक तयार नव्हते. ते काम गांधीजींच्या पथकाने केले. भाषा येत नव्हती, पण जखम धुणाऱ्या हाताला भाषा लागत नाही.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. गांधीजी डॉक्टर नव्हते. मातीच्या पट्ट्या, पाण्याचे उपचार, उपवास यांवर त्यांचा फार विश्वास होता. ते सगळे आजचे वैद्यकशास्त्र मान्य करेल असे नाही आणि आपणही मुलांना ते उपाय म्हणून शिकवायचे नाहीत. त्यांच्याकडून शिकायची ती शुश्रूषा. स्वच्छता, वेळेवर जेवण-औषध, कुशीवर वळवणे, अंग पुसणे, जवळ बसणे, न कंटाळणे. यातले काहीही जुने झालेले नाही.

येरवड्याचा सोबती

आता आपण मुख्य गोष्टीकडे येऊ.

१९३२ मध्ये गांधीजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात होते. त्याच तुरुंगात परचुरे शास्त्री नावाचे एक सत्याग्रही कैदी होते. संस्कृतचे गाढे पंडित. त्यांना कुष्ठरोग झाला होता, म्हणून त्यांना इतर कैद्यांपासून वेगळे ठेवलेले. गांधीजींना हे कळल्यावर त्यांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला, तब्येतीची चौकशी केली, धीर दिला.

पुढे दोघेही सुटले. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगाव नावाच्या खेड्यात राहायला गेले. हेच पुढे सेवाग्राम झाले. तिकडे परचुरे शास्त्रींचा आजार वाढत गेला. त्या काळी कुष्ठरोगावर खात्रीचे औषध नव्हते. कडू कवठाच्या बियांचे तेल टोचत असत. आपल्या सह्याद्रीच्या रानातही कडू कवठाची झाडे आहेत, जुन्या माणसांना विचारून बघा. पण त्या तेलाने आजार पुरता हटत नसे आणि टोचताना वेदना फार होत. आजाराहून मोठी वेदना होती ती समाजाची. महारोग, रक्तपिती असे शब्द नुसते उच्चारले तरी लोक दोन पावले मागे सरत. विद्वान असो की मजूर, घर सुटायचेच.

१९३९ मध्ये परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले. आता शेवट जवळ आला आहे, तो आश्रमात यावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

गांधीजींपुढे पेच होता. आश्रमात बायका होत्या, लहान मुले होती. त्यांच्या जिवाची जबाबदारी गांधीजींवर होती. एकट्याच्या मनाने धोका पत्करणे वेगळे आणि सगळ्यांच्या वतीने पत्करणे वेगळे. त्यांनी आश्रमवासीयांना विश्वासात घेतले. लपवून काही केले नाही. मग त्यांच्या कुटीपासून थोड्या अंतरावर शास्त्रींसाठी स्वतंत्र झोपडी बांधली गेली. आजही सेवाग्रामला गेलात तर ती परचुरे कुटी पाहायला मिळते.

डर्बनच्या दारातून गेलेला तो रुग्ण आठवा. चाळीसहून अधिक वर्षे मध्ये गेली होती. या वेळी दार उघडे राहिले.

आणि मग रोजचे काम सुरू झाले. गांधीजी ठरल्या वेळी शास्त्रींच्या कुटीत जात. जखमा पाहत, स्वच्छ करत, अंगाला तेलाने मालिश करत. त्या वेळी गांधीजी सत्तरीचे होते. दुसरे महायुद्ध सुरू झालेले, व्हाइसरॉयशी बोलणी चाललेली, देशभरचे पुढारी भेटायला सेवाग्रामची धूळ तुडवत येत होते. तरी या कामाची वेळ ठरलेली असे. त्या मालिशचे छायाचित्र उपलब्ध आहे. परचुरे शास्त्री बसलेले आणि गांधीजी वाकून त्यांची सेवा करताना. वर्गात हे चित्र जरूर दाखवा. त्यावर भाषण करायची गरज पडत नाही.

शास्त्री थोडे सावरले. ते आश्रमातल्या लोकांना संस्कृत शिकवू लागले. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. सेवा घेणारा माणूस नुसता रुग्ण राहिला नाही, तो पुन्हा गुरुजी झाला. त्याच्याकडे देण्यासारखे काही आहे हे कुणीतरी ओळखले.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये गांधीजींना मुंबईत अटक झाली आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवले गेले. १९४४ च्या मे महिन्यात ते सुटले. पुढे परचुरे शास्त्री वर्ध्याजवळच्या दत्तपूरच्या कुष्ठधामात राहिले आणि १९४५ मध्ये तिथेच वारले. हे कुष्ठधाम मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये सुरू केले होते. मनोहरजी हे विनोबांचे साथी. आणि विनोबा म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. दत्तपूरच्या कामाला विनोबांचा भक्कम आधार होता. आपल्या मुलांना हे नाते सांगा, त्यांना गोष्ट जवळची वाटेल.

गांधीजींनी देशातल्या कार्यकर्त्यांसाठी ‘रचनात्मक कार्यक्रम’ ही पुस्तिका लिहिली. खादी, ग्रामोद्योग, अस्पृश्यता निवारण यांच्याबरोबर त्यात कुष्ठरुग्णांची सेवा हाही विषय आहे. म्हणजे हे काम त्यांच्या दृष्टीने दयेचे जोडकाम नव्हते. स्वराज्याच्या कामाचाच तो एक भाग होता.

हा आजार नेमका कशाचा?

आता थोडे विज्ञान. कुष्ठरोग हा कातडीचा आजार आहे असे आपल्यापैकी बरेच जण समजतात. कारण चट्टा कातडीवर दिसतो. खरे तर हा मज्जातंतूंचा, म्हणजे नसांचा संसर्ग आहे. १८७३ मध्ये नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी याचा जंतू शोधला. हा जंतू हात, पाय आणि चेहरा यांच्याकडे जाणाऱ्या नसांत शिरतो. त्यामुळे तीन गोष्टी होतात.

एक, स्पर्श कळेनासा होतो. गरम, गार, टोचणे काहीच कळत नाही. दोन, स्नायू दुबळे होतात. बोटे वाकडी होतात, पाऊल लोंबकळते, डोळ्याची पापणी पूर्ण मिटत नाही. तीन, घाम आटतो, कातडी कोरडी पडून भेगाळते.

बोटे गळून पडतात असे जे लोक म्हणतात ते तसे नाही. बधिर हाताने चुलीवरचे पातेले उचलले, भाजले, कळले नाही. अनवाणी पायात काटा मोडला, कळले नाही, माणूस चालतच राहिला. जखम चिघळली, हाडापर्यंत गेली. बोटे झिजतात ती अशी, न कळलेल्या जखमांनी. आपल्या पोलादपूर-महाडच्या डोंगरवाड्यांत हे लगेच समजते. चिखलणी-लावणीत दिवसभर पाय पाण्यात, उतारावर अनवाणी चालणे, डोक्यावर मोळी. ज्याला दुखते तो थांबतो. ज्याला दुखतच नाही तो कशाला थांबेल? दुखणे हा आपला राखणदार आहे, ही गोष्ट मुलांना या निमित्ताने छान समजावता येते.

आणखी एक. कधी कधी शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच या जंतूंविरुद्ध इतकी खवळते की त्या भरात नसांना सूज येते. चट्टे लाल होतात, नस दुखते, एकाएकी हाताची ताकद जाते. औषध चालू असतानाही असे होऊ शकते. तेव्हा लोकांना वाटते की औषधच बाधले आणि ते गोळ्या बंद करतात. असे करू नये. लगेच डॉक्टरांकडे जावे, कारण वेळेवर उपचार झाले तर नस वाचू शकते.

शुश्रूषा म्हणजे काय करायचे?

गांधीजींच्या काळात औषध नव्हते, शुश्रूषा होती. आज औषध आहे, तरी शुश्रूषा लागतेच. मेलेला जंतू गेला तरी बधिर झालेली नस बहुतेक वेळा तशीच राहते. म्हणून घरच्यांनी रोज करण्याची कामे अशी :

• संध्याकाळी हात-पाय नीट निरखून पाहायचे. तळपाय दिसत नसेल तर आरसा खाली धरायचा किंवा घरातल्या मुलाला पाहायला सांगायचे. फोड, भेग, काटा, लालसरपणा दिसला की त्या दिवशी पायाला विश्रांती.

• साध्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे पाय भिजवायचे, घट्टे हळू घासायचे आणि ओल्या अंगावरच खोबरेल किंवा दुसरे कुठले तेल लावायचे. कोरडी कातडी मऊ राहिली की भेगा पडत नाहीत. सेवाग्रामच्या कुटीतली ती तेलाची मालिश आठवते ना?

• मऊ तळाची, आतल्या बाजूला खिळा नसलेली चप्पल घालायची. अशा खास चपला सरकारी दवाखान्यातून मिळतात.

• गरम भांडे फडक्याने किंवा सांडशीने धरायचे. विडी अगदी बोटापर्यंत ओढायची नाही, नाहीतर भाजते.

• पापणी मिटत नसेल तर दिवसा चष्मा, रात्री डोळ्यावर स्वच्छ फडके.

• वाकडी होऊ लागलेली बोटे रोज तेल लावून हळूहळू सरळ करण्याचा व्यायाम.

या यादीत एकही महाग गोष्ट नाही. रोज कुणीतरी हात लावणारे माणूस मात्र हवे.

नसांचे इतर आजार आणि तीच भीती

२०२५ च्या सुरुवातीला पुण्यात जीबीएस म्हणजे गुलियन बॅरे सिंड्रोमचे बरेच रुग्ण एकदम आढळले. आपल्याकडची निम्मी घरे पुण्या-मुंबईला नोकरीला. साहजिकच पालकांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता, हे लागते का?

जीबीएस हा वेगळा आजार आहे. एखादा जुलाब किंवा सर्दी-तापाचा संसर्ग होऊन गेल्यावर, क्वचित एखाद्याच्या शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. पायांपासून अशक्तपणा चढत जातो. कधी श्वासाचे स्नायूही थकतात, म्हणून दवाखान्यात दाखल करावेच लागते. हा आजार रुग्णाला शिवल्याने होत नाही. दूषित पाण्यातून जुलाबाचा जंतू मात्र पसरू शकतो, म्हणून पाणी उकळून पिणे महत्त्वाचे.

अशा रुग्णाचे अंग हलत नाही, पण मन पूर्ण जागे असते. त्याला सगळे ऐकू येते, सगळे कळते. म्हणून परिचारिका त्याला ठरावीक वेळाने कुशीवर वळवतात, पाठीला जखमा होऊ देत नाहीत, हातापायांच्या सांध्यांना हलवत राहतात, श्वासावर लक्ष ठेवतात आणि त्याच्याशी बोलत राहतात. बहुतेक रुग्ण हळूहळू बरे होतात, पण त्याला आठवडे, कधी महिने लागतात. तेवढे दिवस जवळच्या माणसाने टिकून राहणे हीच खरी शुश्रूषा.

आजार वेगळे, कारणे वेगळी. माणसाच्या मनातली भीती मात्र तीच.

गांधीजींनंतर

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. काम मात्र थांबले नाही. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन १९४६ पासून सुरू झालेच होते. १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवनाचे काम सुरू केले. १९५१ मध्ये वर्ध्याला गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झाले. तिथल्या डॉ. वारदेकरांनी कामाची दिशाच बदलली. रुग्ण आश्रमात येण्याची वाट न पाहता गावोगाव जाऊन रुग्ण शोधायचे, लोकांना माहिती द्यायची आणि घरी ठेवूनच औषध द्यायचे. आज आशाताई आपल्या दारात येऊन चट्टा आहे का विचारतात, त्या पद्धतीचे मूळ इथे आहे.

औषधही आले. आधी डॅप्सोन, मग १९८० च्या दशकात तीन औषधांचा एकत्रित उपचार, ज्याला एमडीटी म्हणतात. सहा महिने किंवा बारा महिने गोळ्या घेतल्या की आजार पूर्ण बरा होतो. सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात. औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णापासून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका उरत नाही. शिवाय बहुतेक माणसांच्या अंगात या जंतूशी लढण्याची ताकद मुळातच असते.

कायद्याला मात्र वेळ लागला. रुग्णांना वेगळे काढणारा १८९८ चा इंग्रजांचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद तर २०१९ मध्ये काढली गेली. औषध येऊन कितीतरी वर्षे झाली होती तेव्हा!

आपल्या शाळेत

हे सगळे सांगायचे कारण वर्गाशी जोडलेले आहे. मध्यंतरी एका पालकांनी मला हळूच विनंती केली, माझ्या मुलाची जागा बदला, त्याच्या शेजारच्या मुलीच्या आजीला ‘ते’ झाले आहे म्हणतात. आजी दवाखान्याच्या गोळ्या नियमित घेत होती. मुलगी ठणठणीत होती. मी जागा बदलली नाही. त्या पालकांना बसवून गोळ्यांबद्दल सांगितले, आणि नाव न घेता वर्गात परचुरे शास्त्रींची गोष्ट सांगितली. मुलांनी सरळ प्रश्न विचारला, मग गांधीजींना तो आजार झाला का? नाही झाला. मुलांना तेवढे पुरले.

ती जागा बदलली असती तर काय झाले असते? मुलगी घरी जाऊन सांगती, आजी लाजेने गोळ्या लपवती, कदाचित बंद करती. आणि मग खरा धोका सुरू झाला असता, आजीच्या हातापायांना आणि घरातल्या बाकीच्यांनाही. म्हणजे वाळीत टाकल्याने आजार थांबत नाही, लपतो. लपला की वाढतो.

आपण महाड-पोलादपूरचे लोक. दर २० मार्चला चवदार तळ्याची आठवण करतो. १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे जे केले त्याचा अर्थ आपल्या मुलांना इतरांपेक्षा लवकर समजायला हवा. माणसाला शिवायचे नाही असे ठरवण्याचा हक्क कुणालाही नाही, मग कारण जातीचे सांगा नाहीतर आजाराचे.

शिक्षकांनी लक्षात ठेवावे असे

१. मुलाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तो खाजत नसेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल तर पालकांना एकट्याने भेटून दवाखान्यात दाखवायला सांगा. वर्गासमोर बोलू नका. प्रत्येक चट्टा कुष्ठरोगाचा नसतो, हेही सांगा.

२. पेन्सिल वारंवार हातातून पडणे, चप्पल पायातून नकळत निसटणे, डोळा नीट न मिटणे याकडे लक्ष असू द्या.

३. ‘महारोगी’ हा शब्द शिवी म्हणून वापरला जात असेल तर तिथेच थांबवा.

४. घरात कुणाला उपचार सुरू असतील तर सोबत राहणाऱ्यांनीही तपासणी करून घ्यावी. त्यांच्यासाठी प्रतिबंधक औषधाचा डोस असतो, आरोग्य केंद्रात विचारावे.

मुलांना विचारण्यासाठी प्रश्न

१. डर्बनला दारात आलेल्या रुग्णाला गांधीजींनी शेवटी इस्पितळात का पाठवले असेल? तुम्ही काय केले असते?

२. परचुरे शास्त्री आले तेव्हा गांधीजींनी आश्रमातल्या लोकांना आधी का विचारले?

३. दुखणे कळलेच नाही तर काय काय होऊ शकते? तुमच्या घरातली पाच उदाहरणे लिहा.

४. तुमच्या घरी आजारी माणसाची सेवा कोण करते? त्यांना दिवसभरात कोणती कामे करावी लागतात ते विचारून लिहा.

चौथा प्रश्न गृहपाठाला जरूर द्या. बहुतेक वह्यांत आई, आजी किंवा मोठी बहीण असे उत्तर येते. ते वाचून दाखवताना मुलगे आणि मुली दोघांनाही विचारा की यातले कोणते एक काम तुम्ही उद्यापासून कराल? पाणी भरून देणे, पाय चेपणे, वेळेवर गोळीची आठवण करणे, नुसते शेजारी बसून धडा वाचून दाखवणे. यादी मुलेच करतील. ३० जानेवारीच्या मौनाआधी ती फळ्यावर लिहून ठेवली तर त्या दोन मिनिटांत मुलांना विचार करायला काहीतरी मिळेल.

आपल्या शाळेत हा पाठ घेतलात तर मुलांची उत्तरे जरूर कळवा.